भांडी बघायच्या निमित्ताने घोटी

माझा स्वभाव संशयी आहे, हे या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना सांगायला नको. लॉजवर गेले की मी आधी उशीचा अभ्रा उलटा करून बघते. ‘घरगुती जेवण’ अशी पाटी दिसली की स्वयंपाकघर कुठल्या बाजूला आहे ते शोधते. रिक्षावाल्याने स्वतःहून कमी भाडं सांगितलं, तर त्या रिक्षात बसतच नाही. आमचे हे म्हणतात, तुला पोलिसात घ्यायला हवं होतं. तर अशा बाईला घरच्यांनी एका स्थळाची चौकशी करायला पाठवलं आणि त्या निमित्ताने माझी दोन दिवसांची घोटीची सहल झाली. लिहायची परवानगी दोन्हीकडून घेतली आहे, आणि नावं बदलली आहेत.

माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, निफाडला असते. तिचा मुलगा रोहित. वधूवर मंडळातून त्याला घोटीची मयूरी नावाची मुलगी सांगून आली. दोघं नाशकात दोनदा भेटली, रोज फोनवर बोलायला लागली, आणि पोरगं एकदम माणसाळलं. येत्या रविवारी घरच्यांनी रीतसर बघायला जायचं ठरलं होतं. पण ताईच्या मनाला एक गोष्ट खात होती. मुलगी चांगली शिकलेली, दिसायला छान, घरचं भांड्यांचं दुकान, मग तिशीला आली तरी लग्न का झालं नाही? “कुठेतरी पाणी मुरतंय,” ताई म्हणाली. “तू नाहीतरी भटकतच असतेस. जरा घोटीला भटकून ये. तू हो म्हणालीस तरच मी रविवारी त्या घराची पायरी चढेन.”

म्हणजे दोन पोरांचं लग्न माझ्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं. खोटं कशाला बोलू, मला त्याची थोडी ऐटच वाटली.

आमच्या बाजूचंही सांगते. रोहितचा गंगापूर रोडला छोटासा कॅफे होता, माझ्या घराच्या खिडकीतून दिसेल इतका जवळ. कोरोना आला, पहिला लॉकडाऊन त्याने कसाबसा काढला, दुसऱ्यात कॅफे बंद पडला. सध्या तो सातपूरला एका कंपनीच्या कँटीनचं काम बघतो. ताईने त्याच्या बायोडेटात कॅफेचा उल्लेखसुद्धा केला नव्हता. तिथे नुसतं ‘व्यवस्थापनाचा अनुभव’ असं छापलं होतं. “बुडालेल्या धंद्याचं कशाला सांगायचं? अपशकुन,” असं तिचं म्हणणं. मीही मान डोलावली होती. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, हे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

पहिला दिवस

नाशिकहून घोटीला जायला स्वतःची गाडी हवीच असं नाही. महामार्ग स्टँडवरून इगतपुरी-कसाऱ्याकडे जाणारी कुठलीही एसटी चालते. बायकांना अर्धं तिकीट, तासाभराचा रस्ता. पाथर्डी फाटा आणि विल्होळीपर्यंत ट्रकांची गर्दी असते, वाडीवऱ्हे गेलं की भाताची खाचरं सुरू होतात. मी गेले तेव्हा तुळशीची लग्नं उरकली होती, भात कापून झाला होता आणि खाचरांत नुसते बुडखे उरले होते. डाव्या खिडकीशी बसा म्हणजे डोंगर दिसतात. मी दाराजवळ बसले, कारण मागच्या सीटवर बसलेल्या दोघी घोटीच्याच आहेत हे मी चढतानाच ताडलं होतं.

“आता पत्रिकेवरच छापत्यात, आहेर आनू नये म्हून,” एक म्हणत होती.

“कोरोनात पन्नास मानसांत लग्नं उरकली, तवापासून सवयच लागली लोकांला,” दुसरी म्हणाली. “आमच्या नंदंच्या लग्नात पाच पिंप भरून भांडी आल्ती. आता पाकीट द्येत्यात, नायतर मोबाईलवर टाकत्यात.”

भांडी हा शब्द ऐकून माझे कान टवकारले. मी मागे वळून विचारलं, “मग घोटीतली भांड्यांची दुकानं चालतात का हो?” दोघी एकमेकींकडे बघून गप्प झाल्या. अनोळखी बाईने असं मध्येच तोंड घातलं की कोणीही गप्पच होणार, पण मी ते गप्प होणंही मनात टिपून ठेवलं.

घोटीत उतरून आधी मिसळ खाल्ली. भंडारदऱ्याला किंवा कळसूबाईला जाणारे लोक इथे गाडीतून न उतरताच पुढे जातात, तसं करू नका. बाजारपेठेच्या तोंडाशी एका पार्वताबाईंचं छोटं हॉटेल आहे, चार बाकडी आणि एक चूल. रस्सा झणझणीत, वर ताकाचा पेला, आणि शंभराच्या नोटेत पोट भरून वर चहा. मी त्यांचं पातेलं न्याहाळून बघितलं, स्वच्छ होतं. काठावर नाव घातलेलं होतं, त्यांच्याच नवऱ्याचं.

“जुनं दिसतंय पातेलं,” मी म्हटलं.

“सासूच्या येळचं. मधी गेलं व्हतं हातचं,” पार्वताबाई म्हणाल्या. “लॉकडाऊनला हाटेल बंद. मागल्या खिडकीतनं वडं ईकलं थोडं दिवस, त्ये पन बंद पाडलं. मंग सगळी मोठी भांडी मोडीच्या भावात दिली अण्णाला, त्या भांडीवाल्याला. दुसरं कोन घेनार व्हतं?”

हेच ते अण्णा, मयूरीचे वडील. माझ्या डोक्यात लगेच चित्र तयार झालं: लोकांच्या अडचणीच्या दिवसांत त्यांच्या घरची भांडी वजनावर घेणारा माणूस. “आणि परत मिळालं कसं?” मी विचारलं, पण तेवढ्यात एक जीप थांबली आणि पार्वताबाई जीपवाल्यांना मिसळ वाढण्याच्या नादात माझ्याकडे बघेनाशा झाल्या.

बाजारात पायी फिरायला हरकत नाही, पण मला गाव बघायच्या नावाखाली बोलतं करायला कोणीतरी माणूस हवा होता, म्हणून रिक्षा केली. दशरथ नावाचे रिक्षावाले. रिक्षात मागच्या बाजूला काळ्या पेटीत सनई ठेवलेली. मी संशयाने विचारलंच, रिक्षात सनई कशाला?

“ब्यांड व्हता ना आमचा,” ते म्हणाले. “वीस जनांचा. लग्नंच नाय तं वाजवायचं कोनाम्होरं? दोघं पोरं मुंबईला गेली, एक भाजी ईकतो, म्या रिक्षा घेतली. आता लग्नं हायेत, पन डीजे लावत्यात. सनई ठिवली हाय, कोनी मंगलाष्टकाला बोलीवलं तर जातो.”

त्यांनी मला तांदळाच्या गिरण्या दाखवल्या. इंद्रायणी घ्यायचा असेल तर गिरणीवरच घ्या, हातात चुरगळून वास बघा आणि गेल्या वर्षीचा आहे का ते दोनदा विचारा. बाजारपेठेतून जाताना ते बोट दाखवून सांगत होते: हे फोटोवाल्याचं दुकान होतं, तिथे आता मोबाईलचं कव्हर मिळतं, ही खानावळ उघडली ती परत चाललीच नाही, हा शिंपी मास्क शिवून तगला आणि आता शाळेचे गणवेश शिवतो. एवढ्याशा पेठेत इतकं काही झालं आणि आम्ही महामार्गावरून नुसते सुसाट जात राहिलो, याचं मला वाईट वाटलं. पण मी कामाला आले होते, म्हणून विषय भांड्यांच्या दुकानाकडे वळवला.

“अण्णांचं कसं चाललंय?”

“दुकान उघडं हाय,” दशरथ म्हणाले, मग जरा थांबून, “माळ्यावर लय माल पडलाय त्यांच्या. नवा कोरा. पन ईकत नाय तो.”

“का?”

“त्ये त्यांलाच ईचारा.”

समोरच्या कापडवाल्यालाही मी टॉवेल घेता घेता विचारून पाहिलं. त्याने टॉवेलाची घडी घातली आणि म्हणाला, चांगली माणसं आहेत. इतकं गुळगुळीत उत्तर ऐकलं की माझा संशय दुप्पट होतो.

अण्णांच्या दुकानात मी गिऱ्हाईक म्हणून शिरले. लांबट दुकान, दोन्ही बाजूंना स्टीलचे डबे, कळश्या, ताटं. गल्ल्यावर साठीचे गृहस्थ, पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का. मागच्या बाजूला एक मुलगी नाव टाकायच्या मशीनवर बसली होती. विजेच्या पेनासारखं ते यंत्र घर्रर्र करत वाटीच्या काठावर अक्षरं कोरत होतं. तिने मान वर करून बघितलं आणि पुन्हा कामाला लागली. फोटोवरून मी ओळखलं, ही मयूरी.

मी एक-दोन डबे बघितले आणि मग वर बोट केलं. माळ्यावर, अगदी आतल्या फळीवर, भांड्यांचा एक आख्खा संच चमकत होता. ताटं, पिंप, समया, परात, सगळं. “ते दाखवा ना.”

“त्ये नाय ईकायचं,” अण्णा म्हणाले.

“का बरं? कोणाचं आहे?”

“घरचं हाय,” एवढं बोलून त्यांनी माझ्यापुढे दुसराच डबा सरकवला.

तेवढ्यात आतून काकू, म्हणजे मयूरीची आई, चहा घेऊन आल्या. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला चहा, आणि सोबत ताटलीत चिवडा. चिवडा संपवल्यावर माझा अंगठा ताटलीच्या काठावरून फिरला. तिथे खरखरीत लागलं. कोणीतरी नाव घासून काढलं होतं. मी शेजारची ताटली उचलली, तिच्याही काठावर तसाच मळकट डाग. आता मला सगळं लख्ख दिसायला लागलं. हा माणूस लॉकडाऊनमध्ये गरजूंची भांडी मोडीच्या भावात घेतो, नावं घासतो आणि नवी म्हणून ठेवतो. आणि गावाला ते माहीत आहे, म्हणून गाव गप्प आहे.

संध्याकाळी भावली धरणावर गेले. घोटीहून रिक्षा जाऊन येऊन पाचशेत ठरते, आधी ठरवून घ्या. हिवाळ्यात पाणी शांत असतं, काठावर कणसं भाजून मिळतात. मी कणीस हातात धरून ताईला फोन लावला आणि जे बघितलं ते सांगितलं.

“म्हणजे माझा संशय खरा होता,” ताई म्हणाली. “लोकांच्या गळ्यावर पाय देणारी माणसं. मी आत्ताच कळवते, रविवारी येत नाही म्हणून.”

का कोण जाणे, मला तिची घाई आवडली नाही. अंदाज माझा होता आणि तिने त्याचा निकाल करून टाकला होता. “उद्या दुपारपर्यंत थांब,” मी म्हटलं. “एकदा पक्कं करून घेते.” मुक्काम घोटीतच एका लॉजवर केला. खोली बरी होती, अभ्रा स्वच्छ निघाला, पण मला नीट झोप लागली नाही.

दुसरा दिवस

सकाळी दुकान उघडताच मी हजर. अण्णा नव्हते, मयूरी एकटीच होती. मी एक मध्यम डबा निवडला आणि म्हटलं, यावर नाव टाकून द्या.

“काय नाव टाकू?” तिने मशीन चालू करत विचारलं.

मी एक खोटंच नाव सांगितलं. तिने मशीन बंद केलं.

“मावशी, खरं नाव सांगितलंत तरी चालेल,” ती म्हणाली. “तुमचा फोटो ब्लॉगवर आहे. रोहितने मागेच लिंक पाठवली होती. काल तुम्ही आलात तेव्हाच मी आईला म्हटलं, चहा ठेव.”

कालपासून मी ज्यांच्यावर नजर ठेवून होते, त्यांनी मला पाहुणी म्हणून चिवडा खाऊ घातला होता. लाजेने माझे कान गरम झाले.

“काल तुम्ही पार्वताकाकूंना विचारलंत,” ती सावकाश म्हणाली, रागावून नाही. “दशरथकाकांना विचारलंत. समोरच्या कापडवाल्या काकांना विचारलंत. सगळे येऊन सांगून गेले. मला मात्र काहीच नाही विचारलंत.”

मग तिनेच शिडी लावली. “या वर. एवढं बघायचंच आहे तर नीट बघा.”

साडी खोचून मी माळ्यावर चढले. तिने एक ताट पुसून माझ्या हातात दिलं. काठावर सुंदर, वळणदार अक्षरात कोरलं होतं: चि. हेमंत आणि चि. सौ. कां. मयूरी. खाली लग्नाची तारीख. दुसरं ताट, तेच. समई, परात, पिंप, सगळ्यांवर तीच दोन नावं आणि तीच तारीख.

“लग्न ठरलं होतं माझं,” मयूरी म्हणाली. “हेमंतच्या घरचा मंडपाचा धंदा, सिन्नरकडे. तारीख काढली आणि लॉकडाऊन लागला. दुकान बंद. आमच्याकडे एक नियम आहे, गिऱ्हाईक समोर उभं असल्याशिवाय नाव टाकायचं नाही, आणि तारीख तर शेवटच्या आठवड्यातच. अण्णा सगळ्यांना सांगतात, माणसं बदलतात, तारखा बदलतात, स्टीलवरचं जात नाही. पण दिवसभर शटर खाली, एक गिऱ्हाईक नाही, हात शिवशिवायचे. मी माझ्याच रुखवताची भांडी घेऊन बसले आणि आख्ख्या संचावर नावं टाकली. तारखेसकट. वाटलं, तोवर उठेल सगळं.”

“मग?”

“तारीख एकदा पुढे गेली, दोनदा गेली. दोन वर्षं त्यांचा एक मंडप उभा राहिला नाही, बांबू-कापड सगळं गोदामात कुजलं. हेमंत कामाला सुरतेला गेला आणि हळूहळू तिकडचाच झाला. भांडण नाही, काही नाही. फोन यायचा बंद झाला, एवढंच.”

“आणि त्या घासलेल्या ताटल्या?”

“अण्णांनी पॉलिशच्या चाकावर धरून बघितल्या. नाव गेलं, डाग राहिला. दुसऱ्याच्या नावाचं भांडं कोण घेतं? म्हणून त्या घरात वापरतो.” ती ताटावरून बोट फिरवत होती. “अण्णा म्हणाले, सगळं मोडीत टाकू. मीच नको म्हटलं. अक्षर फार चांगलं आलंय हो मावशी. इतकं चांगलं मला परत जमलं नाही.”

ती हसली, आणि मला मात्र डोळे पुसावे लागले. संशय घेऊन मी किती लांबवर गेले होते, आणि गोष्ट ही एवढीच होती.

खाली उतरलो तर अण्णा दारात उभे. शिडी बघून त्यांना सगळं कळलं. मी, स्वभावाला औषध नाही, तरीही विचारलंच, “पार्वताबाईंची भांडी तुम्ही मोडीच्या भावात घेतलीत?”

“घेतली,” ते सरळ म्हणाले. “धंदा हाय माजा. बाईनं हाटेल उघडलं तवा तीच भांडी तिला परत दिली, वर थोडं चढवून. माज्याबी घरात चूल पेटायची व्हती.” मग आवाज उतरला. “पोरीचं पाहुन्यांना सांगायचं व्हतं. आज सांगू, उद्या सांगू म्हनत ऱ्हायलो. लग्न का मोडलं, ईचारत्यात. काय सांगू? धंदा बंद पडला म्हनून मोडलं, हे पटतं का कोनाला? लोकांला वाटतं, पोरीतच काही असंल. आता तुमी काय सांगनार तुमच्या बहिनीला?”

धंदा बंद पडल्याचं लपवून बायोडेटा छापणाऱ्या घरातून मीच तर आले होते.

निघताना मयूरी दुकानाच्या पायरीपर्यंत आली. “रोहितने मला कॅफेचं पहिल्याच भेटीत सांगितलंय,” ती हळूच म्हणाली. “मीही त्याला हेमंतचं सांगितलं. आमच्यात काही झाकलेलं नाही. मोठ्यांचंच काय ते अडलंय.”

परत घरी

परतीच्या एसटीत खिडकीशी बसले. घोटीला जाण्यासारखं काय आहे, असं कोणी विचारलं तर सांगेन: मिसळ, तांदूळ, भावलीचं पाणी, आणि एक पेठ, जिच्यात जवळजवळ प्रत्येक दुकानाच्या पाटीमागे त्या दोन वर्षांची एखादी गोष्ट आहे. कोणी धंदा बदलला, कोणी गाव सोडलं, कोणाचं लग्न राहिलं. नाशकात तरी वेगळं काय झालं? घरोघरी मातीच्या चुली. आम्ही फक्त त्यावर चांगलं झाकण ठेवलं. माझा संशयी स्वभाव या सहलीने गेला, असं म्हणणार नाही. घरी पोचेपर्यंत मी कंडक्टरने दिलेले सुट्टे पैसे तपासलेच. पण ज्याच्याविषयी संशय आहे त्याला सोडून बाकी गावाला विचारत फिरणं, हे मात्र मला आता जमेल असं वाटत नाही.

गंगापूर रोडला घरी आले तर ताई सकाळच्या गाडीने निफाडहून येऊन बसलेली. फोन हातातच होता.

“काय ते सांग आणि मोकळी कर,” ती म्हणाली. “कळवून टाकते.”

मी पाणी प्यायले आणि मयूरीने सांगितलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. ताईचा चेहरा आक्रसला. “म्हणजे मोडलेलं लग्न. आणि लपवलं आपल्यापासून.”

“हो. लपवलं. जसा आपण कॅफे लपवला.”

“ते वेगळं.”

“कसं वेगळं?”

ताई उठून खिडकीशी गेली. खाली बघत राहिली. तिथून ते दुकान दिसतं, जिथे रोहितचा कॅफे होता. तिथे आता चष्म्याचं दुकान आहे. कॅफे बंद पडल्यापासून ती कितीदा माझ्या घरी आली, पण या खिडकीशी कधी उभी राहिली नव्हती, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं.

“तूच सांग,” शेवटी ती म्हणाली. “हो की नाही? तुझ्यावर सोडलंय मी.”

“माझ्यावर नको सोडूस. माझं अर्धं चुकलं होतं. तुला काय विचारायचंय ते तिला विचार.” आणि ताईला विचार करायला वेळ न देता मी मयूरीने निघताना दिलेला नंबर लावून फोन तिच्या हातात दिला.

पलीकडून “हॅलो” ऐकू आलं. ताई क्षणभर माझ्याकडे रागाने बघत राहिली. मग सरळ बसली, पदर नीट केला, आणि मला वाटलं आता ती विचारणार, का मोडलं, कोणी मोडलं, कधी मोडलं.

“बाळा, मी रोहितची आई,” ताई म्हणाली. “तुला काही विचारायच्या आधी आमचंच एक सांगायचं राहिलंय.”